वाढत्या मापाची ओवाळणी

वसू, तुझा कागद हरवला नव्हता.

भाऊबिजेला तू मला ओवाळलंस आणि तबकातली सुपारी बाजूला सारून चौघडी घातलेला एक कागद माझ्या हातात दिलास. तो कागद विमानात कुठेतरी पडला, असं अमेरिकेहून परतल्यावर मी तुला सांगितलं. तू लगेच मान्य केलंस. मी सांगितलेलं तू नेहमीच लगेच मान्य करायचीस. तो कागद सबंध प्रवासात माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होता. त्यानंतर आठ वर्षं तो माझ्या जुन्या पासपोर्टच्या पाकिटात होता. आता हे लिहिताना तो टेबलावर उघडा ठेवला आहे. घड्यांवर शाई फिकट झाली आहे, पण प्रत्येक अक्षर वाचता येतं.

तुझ्या मुख्याध्यापकांनी शाळेच्या अंकासाठी तुझ्याविषयी लिहून मागितलं आहे. तुझा जन्म कुठे झाला, शिक्षण किती झालं, हे ते स्वतः लिहिणार आहेत. माझ्याकडे देण्यासारखा हा कागदच आहे.

त्यावर तू लिहिलं होतंस: उंची पाच फूट एक इंच. वजन अठ्ठेचाळीस किलो, 'आणि दादा, उंचीपेक्षा वजन महत्त्वाचं, हे विसरू नकोस'. पायाचं माप चार. त्याखाली बर्फावरून घसरायच्या फळीचं, स्नोबोर्डचं, छोटं चित्र काढून त्याच्या मधल्या, अरुंद भागावर बाण दाखवला होतास. 'इथली रुंदी माझ्या बुटाएवढीच हवी. बूट आडवा ठेवला की चवडा आणि टाच दोन्ही कडांपाशी यायला हव्यात. बोर्ड रुंद असला तर माझ्या छोट्या पायांना कड उचलता येत नाही.' मग लांबी: 'उभा केला की हनुवटीपर्यंत. फार तर ओठापर्यंत.' मग लवचीकपणा: 'पुरुषांचे बोर्ड ताठ असतात, त्यांच्या वजनाला ते वाकतात, माझ्या वजनाला वाकणार नाहीत. बायकांसाठी वेगळे करतात, तेच बघ.' शेवटी दोन ओळी होत्या. 'मला वेगापेक्षा वळणं आवडतात. देवदाराच्या झाडांमधून, भुसभुशीत बर्फात, छोटी छोटी वळणं.' आणि, 'दुकानात विचारतील, कितपत येतं? मध्यम म्हणून सांग. बहिणीच्या कौतुकापोटी उत्तम म्हणू नकोस.'

एवढं स्पष्ट पत्र मला आयुष्यात दुसऱ्या कोणी लिहिलेलं नाही.

ज्या वर्षी तू गिर्यारोहणाच्या शिबिराला म्हणून प्रथम मनालीला गेलीस, त्या वर्षी परत आलीस ती वेगळीच होऊन. खेळाच्या तासाला मुलींकडून कवायत करून घेणारी माझी बहीण माझ्या घरातल्या फरशीवर पाय फाकवून, गुडघे वाकवून उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, बर्फावर आडवं उभं राहायचं असतं. समोर बघायचं ते खांद्यावरून." तुझ्या वहिनीने विचारलं, "आणि पडलं तर?" तू म्हणालीस, "पडायचंच असतं, वहिनी. पहिले तीन दिवस तेवढंच येतं." मनालीच्या वरच्या उतारावर कोणी एक परदेशी बाई तुला तिचा बोर्ड द्यायची, तिची चण तुझ्यासारखीच होती, आणि त्या बोर्डवर तू पुढचे दोन हिवाळे, शाळेतून बिनपगारी रजा काढून, शिकलीस. ती बाई पुढे यायची थांबली. तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलंस. एरवी मी तुला साडी द्यायचो आणि तू ती वहिनीला परत करायचीस.

आता दुकानातलं सांगतो. हे मी कोणालाही, तुझ्या वहिनीलाही, सांगितलेलं नव्हतं.

अमेरिकेतल्या ज्या डोंगरी शहरात कंपनीने मला दीड महिन्यासाठी पाठवलं होतं, तिथे अशा वस्तूंचं एक मोठं दुकान होतं. पांढऱ्या केसांची एक बाई पुढे आली. तिने मला तीनच प्रश्न विचारले: वजन किती, पायाचं माप काय, आणि बहिणीला बर्फावर काय करायला आवडतं. मी कागद काढून वाचून दाखवला. ती हसली आणि म्हणाली, बहिणीला सगळं कळतं, मग काम सोपं आहे. तिने एकशे अडतीस सेंटिमीटरचा एक बोर्ड आणला, जमिनीवर टेकवून तळहाताने मधोमध दाबून तो कसा वाकतो ते दाखवलं. तुझ्या मापाचा बूट आणून त्यावर आडवा ठेवला. चवडा आणि टाच कडांपाशी अचूक आली. तुझ्या चित्रातल्यासारखी.

मी तो हातात घेतला, वसू. तुझा बोर्ड माझ्या हातात होता.

आणि तेव्हा मला निनाद आठवला. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, वर्षाकाठी दोन बोटं वाढत होता. माझ्या मनात एक हिशेब झाला, इतका सहज की त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंही नाही. वसूचं हे वेड किती दिवस टिकणार? तेहतीस वर्षांची शिक्षिका, मुळशीत राहणारी. दोन हिवाळे, फार तर तीन. मग एवढ्या दुरून नेलेली वस्तू पडून राहणार. त्यापेक्षा थोडा मोठा घेतला तर पुढे निनादला होईल. आपल्या आईने आपल्या दोघांना असंच वाढवलं होतं. तुझे फ्रॉक गुडघ्याखाली लोंबायचे, माझ्या चपलांच्या पुढे दोन बोटं मोकळी राहायची. वाढत्या मापाचं घ्यायचं, ही आपल्या घरातली शहाणपणाची रीत होती. फक्त आई ज्याला द्यायची त्याच्याच वाढीचा विचार करायची. मी तुला देताना दुसऱ्याच्या वाढीचा केला.

मी पुरुषांच्या भिंतीकडे वळलो आणि एकशे सत्तावन्नचा बोर्ड दाखवला. ती बाई गोंधळली. तिने विचारलं, हा कुणासाठी? मी म्हणालो, बहिणीसाठीच, पण पुढे माझा मुलगाही वापरेल. ती म्हणाली, "बोर्ड बहिणीचा आहे ना? मग मुलगा कुठून आला?" मी म्हणालो की आमच्याकडे असंच घेतात, आणि शिवाय तिला उत्तम येतं. हो, ज्या शब्दाची तू मनाई केली होतीस तोच शब्द मी वापरला. कौतुकापोटी वापरला असता तर आज मला एवढं लागलं नसतं. तिने बोर्ड बांधून दिला. देताना थांबली आणि म्हणाली, "तिला वळायला उशीर होईल. आणि तिला वाटेल, चूक तिचीच आहे."

एवढं स्पष्ट सांगितलेलं ऐकूनही मी ते पार्सल उचललं.

तू पौडच्या तुझ्या खोलीतून आमच्याकडे आलीस तेव्हा बोर्ड दिवाणखान्यात भिंतीला टेकवून ठेवला होता. तू त्याच्याशेजारी उभी राहिलीस. तो तुझ्या कपाळाच्याही वर गेला. बरोबर आणलेला बर्फातला बूट काढलास, आडवा ठेवून पाहिलास, दोन्ही बाजूंना बोट बोट जागा उरली. मग माझ्याकडे पाहिलंस. कागद हरवल्याचं मी तेव्हा सांगितलं. आणि तुझ्या डोळ्यांत प्रश्न तसाच दिसला म्हणून पुढे रचून सांगितलं, की मी दुकानात तुझ्याविषयी इतकं बोललो की त्यांनी हाच दिला, मुरलेले लोक खोल बर्फासाठी लांबच घेतात म्हणे.

यात थोडं खरं होतं, त्यामुळे ते टिकलं. तुझा चेहरा बदलला. तुझ्या दादाला तू मुरलेली वाटतेस, हे तुला त्या बोर्डापेक्षा मोठं होतं. तू हात फिरवत म्हणालीस, "जाऊ दे, ओवाळणीला माप लावायचं नसतं. मीच त्याच्या मापाची होईन."

त्यानंतरचे हिवाळे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. तुला मनालीच्या हिवाळी शिबिरात सहप्रशिक्षक व्हायचं होतं. दर वर्षी आपल्या शाळेतल्या चार मुली घेऊन जाण्याचं तू ठरवलं होतंस, त्यांची नावंही ठरली होती. दोनदा तू चाचणीला उभी राहिलीस. दोनदा तुझ्या शेऱ्यात एकच वाक्य आलं: वळणं उशिरा होतात. दुसऱ्या वेळी झाडाजवळ कड अडकली आणि मनगट मोडलं. प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून तू माझ्या बाल्कनीत बसली होतीस आणि सांगत होतीस की चाचणीच्या सकाळी बरोबरच्या एका मुलीने तिचा लहान बोर्ड देऊ केला होता.

"मग घेतला का नाहीस?" मी विचारलं.

"भावाची ओवाळणी बाजूला ठेवून दुसऱ्याची वस्तू पायाखाली घेऊ? बरं दिसतं का ते?" तू हसलीस, आणि मग हसू ओसरलं. "आणि दोष बोर्डाचा नाही रे. पहिल्या दोन वर्षांत मला जे यायचं तेही आता येत नाही. मी मागे गेलेय, दादा. असं कसं होतं?"

तो क्षण माझ्यासाठी मोकळा ठेवला होता. कागद आतल्या खोलीत, कपाटात होता. दहा पावलांवर. मी म्हणालो, "वय झालं की होतं असं, वसू. शरीर ऐकत नाही."

तू छत्तीसची होतीस. वर्गातल्या कुठल्याही मुलीपेक्षा वेगाने डोंगर चढायचीस. तू माझं म्हणणं लगेच मान्य केलंस, आणि पुढच्या हिवाळ्यापासून रजा काढणं बंद केलंस. चुकीचा बोर्ड दिल्याचं पाप एकदाच झालं होतं. ते वाक्य मात्र मी तुझ्या हातात असं ठेवलं की तू ते रोज वापरत राहिलीस.

बोर्ड तू शाळेत नेलास. शाळेमागच्या डोंगराच्या उतारावर मार्गशीर्षात गवत वाळून सोनेरी होतं, त्यावर पाय ठेवला तरी घसरतो. तू बोर्डाच्या तळाला मेण घासलंस आणि मुलींना त्यावर तोल सांभाळायला शिकवू लागलीस. एका शनिवारी मी आलो होतो. खाली धरणाचं पाणी, वर तू, आणि कडेला शाळेत खिचडी शिजवणाऱ्या पारूबाई पदर खोचून बसलेल्या. त्या वरच्या धनगरवाड्यातल्या. तू मुलींना दाखवायला म्हणून उतारावरून खाली आलीस, दोन वळणं घेतलीस आणि तिसऱ्याला गवतात बसलीस. मुली हसल्या, तूही हसलीस. पारूबाई मात्र हसल्या नाहीत.

"बाई, ही फळी गड्याची हाय," त्या म्हणाल्या.

"फळीला कसली आलीय बाई आणि गडी?"

"आसतंय. मी नवी नवरी व्हते तवा भाताच्या लावणीला, पावसात पाठीवर घ्यायला, मला सासऱ्याचं इरलं दिलं. वाकले की त्याचं टोक चिखलात टेकायचं, वारं आलं की मलाच वढून न्यायचं. सासू म्हनायची, ह्या पोरीला लावणीच येत न्हाई. म्याबी तसंच म्हनायचे. दुसऱ्या साली आईनं माझ्या पाठीच्या मापाचं बांधून दिलं. त्या साली आख्ख्या खाचरात माझ्या म्होरं कोन न्हवतं." त्यांनी हनुवटीने बोर्डाकडे खूण केली. "ही तुमच्या पायाखाली वळंना, बाई. तुमीच तिच्यामागं वळताया."

तू गवत झटकत उठलीस. "अहो, दादानं आणलीय ती. अमेरिकेहून. दहा ठिकाणी विचारून आणलीय."

पारूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय का, दादा?"

"हो," मी म्हणालो.

पावसात वाकून भात लावणाऱ्या बाईच्या पाठीला जे एका वर्षात कळलं, ते मला कागदावर लिहून मिळालं होतं.

तुझ्या-माझ्यातलं शेवटचं मोठं भांडण बुटांवरून झालं. आमच्या हिंजवडीच्या कंपनीने शाळेतल्या मुलींना धावायचे बूट द्यायचं ठरवलं, आणि मापं पाठवायचं काम माझ्याकडे आलं. मी न विचारता सगळ्यांना एक-एक नंबर वाढवून कळवला. गोणी उघडल्यावर तू मला फोन केलास. तुझा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"कुणी सांगितलं तुला वाढवायला?"

"अगं, वाढतं वय आहे त्यांचं. दोन वर्षं जातील."

"त्यांना आज धावायचंय, दादा. दोन वर्षांनी धावायचं म्हणून आज पडायचं का? वाढत्या मापाचं म्हणजे आज कुणाचंच नाही."

तू ती गोणी परत पाठवलीस. प्रत्येक मुलीला जुन्या वर्तमानपत्रावर उभं करून पेन्सिलीने पावलं गिरवलीस, प्रत्येक पावलात नाव लिहिलंस, आणि तो गठ्ठा मला धाडलास. त्या वर्षी मी प्रत्येक बूट त्या रेषांवर ठेवून पाहिला. तुझ्यामुळे आयुष्यात एकदा तरी मी नीट माप घेतलं, याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. पण फोनवर तू बुटांविषयीच बोलत होतीस का, हे मला आजही ठरवता येत नाही.

रुग्णालयातही तसंच झालं. कावीळ इतकी पुढे जाईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी निनाद तुला भेटून गेला. तो आता माझ्यापेक्षाही उंच आहे, आणि बर्फ त्याने संगणकाच्या पडद्यावरच पाहिला आहे. त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत तू हळू आवाजात म्हणालीस, "दादा, तो बोर्ड आता निनादला दे. त्याच्या मापाचा झालाय."

मी तुझ्याकडे पाहिलं. तू डोळे मिटून घेतले होतेस. तुला कळलं होतं का, वसू? कधीपासून? की जाणाऱ्या माणसाने भाच्याला काहीतरी द्यावं, एवढाच त्याचा अर्थ होता? मी तुझा हात धरला, सांगायचं म्हणून घसा साफ केला, आणि नर्स सलाईन बदलायला आली. ती दोन मिनिटांत गेली. मी मात्र त्या निमित्ताचा आधार घेऊन गप्प राहिलो. चौथ्या दिवशी तू गेलीस.

गेल्या आठवड्यात शाळेच्या पटांगणात तुझी शोकसभा झाली. तुझ्या फोटोशेजारी कोणीतरी बोर्ड उभा करून त्यालाही हार घातला होता. तो फोटोपेक्षा खूप उंच दिसत होता. मुख्याध्यापक मनापासून बोलले. म्हणाले, "बाईंना बर्फावर यश आलं नाही, पण अपयश त्यांनी खेळाडूच्या वृत्तीने स्वीकारलं." सगळ्यांनी माना हलवल्या. माझी वेळ आली तेव्हा मी लिहून आणलेली पाच वाक्यं वाचली. धैर्य, जिद्द, त्याग असे शब्द होते. मग बसलो.

चहा फिरू लागला. माझ्या मागच्या सतरंजीवर तुझ्या आठवीतल्या दोन मुली बसल्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "बाईंनाच जमलं न्हाई, तर आपल्याला काय जमतंय?" ती हे चेष्टेत बोलली नव्हती. खरंच विचारत होती. आणि पारूबाई चहाची किटली घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या वेळी त्यांनी काहीच विचारलं नाही.

मी पेला खाली ठेवला आणि मुख्याध्यापकांना म्हणालो, "मला अजून दोन मिनिटं हवीत." लोक परत बसले. माइक बंद झाला होता. माझा आवाज लहान आहे, तुला माहीत आहे, तू नेहमी म्हणायचीस की दादा बोलला की पंखा बंद करावा लागतो. पहिल्या वाक्याला कोणाला काही ऐकू गेलं नाही. पारूबाई म्हणाल्या, "मोठ्यानं बोला, दादा. पोरींना ऐकू येऊ द्या."

सकाळी घरून निघताना खिशात ठेवलेला तुझा कागद मी उघडला आणि पहिल्या ओळीपासून वाचला. उंची, वजन, पायाचं माप, छोटी छोटी वळणं. 'मध्यम म्हणून सांग' हेही वाचलं. दुकानातल्या बाईने काय सांगितलं होतं, तेही सांगितलं. मग मुलींकडे बघून म्हणालो, की तुमच्या बाईंना दुसऱ्याच्या मापाच्या बोर्डवर उभं केलं होतं, तरी त्या तीन हिवाळे उभ्या राहिल्या. त्यांना बर्फ जमत होता. तो त्यांच्यापासून ज्याने काढून घेतला, तो माणूस तुमच्यासमोर उभा आहे.

मग मी तुझ्या फोटोकडे वळलो. पाठ लोकांकडे झाली, पण मी आवाज कमी केला नाही.

"वसू, तू कुठेही कमी पडली नव्हतीस. तुझं वयही झालं नव्हतं. माप मी चुकवलं, समजून चुकवलं, आणि तुला ती तुझीच चूक वाटू दिली. माझं चुकलं, वसू. मला क्षमा कर."